कोवळा पाला

त्या वाफ्यातून राजारामला मिळायचं ते फार नव्हतं. चार वांगी, थोडा माठ आणि एक खुर्ची टाकायला जागा. खरा लाभ खुर्चीचाच. मुलुंडच्या घरात हॉल एकच, आणि त्यात सून दर्शना सकाळी नऊपासून लॅपटॉपवर मीटिंगा घ्यायची. मागे सासरे दिसले की हळूच म्हणायची, "बाबा, कॅमेरा चालू आहे." रिटायर झाल्यापासून दीड वर्ष तो जिन्यात बसत होता. येणारेजाणारे विचारायचे, "काका, कुणाची वाट बघताय?"

सोसायटीने मागच्या भिंतीलगतचा वाफा त्याला कबूल केला, एका अटीवर. रविवारी दहाला सेक्रेटरी हर्षद येणार. तण निघालेलं असेल तर वाफा राजारामचा, नाहीतर तिथे स्कूटर पार्किंग.

तण म्हणजे गुडघाभर टाकळा, पावसाळ्यातली रानभाजी. बुधवारी त्याने पहिला झुबका उपटला, तोच गॅलरीतून जयंतीवहिनी ओरडल्या, "ओ भावजी, टाकळो असो उपटतात काय? कवळो पालो आधी खुडूक द्या!"

राजारामने हिशेब केला. दोन दिवस थांबलो तर चार घरं आपल्या बाजूची. तो थांबला. बायका पिशव्या घेऊन आल्या, शेंडे खुडून गेल्या. जाताना म्हणाल्या, "उरलेला हर्षदच्या बायकोसाठी, श्वेतासाठी ठेवा हं." त्याने ठेवला.

शनिवारी उरले नुसते दांडे. ओढले की मधेच तुटायचे. मुळं खालच्या डेब्रिजमध्ये रुतलेली. खुरपं वाकलं. मग त्याने घरातला कालथा आणला. तळहात सोलले तेव्हा त्याने वर हाक मारली, "वहिनी, जरा कुणी येता का?"

"कंबर धरलीय ओ! भाजी मात्र झकास झालेली."

रविवारी उजाडल्यापासून तो मातीत गुडघ्यावर होता. दहाला हर्षद आला.

"काका, अर्धाच झालाय."

"संध्याकाळपर्यंत दे रे. हात जोडतो तुझ्यापुढे."

जोडलेल्या हातांवर रक्त होतं. हर्षदने मोबाइलमध्ये बघितलं. "नियम सगळ्यांना सारखा ना, काका. तुम्हाला सूट दिली तर माझी वाट लागेल."

गॅलऱ्यांत कुणी नव्हतं.

टाकळा पाच घरांत शिजला, हर्षदच्याही. श्वेताने वाटीभर राजारामकडे पाठवला होता, लसूण घालून. त्याने दोनदा मागून खाल्ला. सगळ्यांचं एका वेळचं जेवण झालं. त्याचं मोल राजाराम एकटा मोजतोय, रोज नऊ ते सहा, जिन्यात बसून.