खालचा आवाज

तिने ‘विलक्षण’ हा शब्द खोडला आणि त्या जागी ‘बरा’ असं टाइप केलं. मग ‘बरा’च्या पुढे ‘म्हणावा इतपत’ जोडलं. आता कुठे तिला जरा हायसं वाटलं.

ती गाण्यांवर लिहायची. मोठ्या कंपन्यांच्या, जाहिरातींच्या फलकांवर झळकणाऱ्या गायकांवर नाही, तर घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करून आपली आपणच इंटरनेटवर टाकणाऱ्या पोरापोरींवर. नोकरी कुठलीच नव्हती. दोन-तीन मासिकं आणि एक वर्तमानपत्र लेख मागवायचं. पण तिने एखाद्याला उचलून धरलं की लोक आवर्जून ऐकायचे. अशी कितीतरी माणसं तिने शोधून उजेडात आणली होती, आणि त्यांचं नाव झालं की तिला मनापासून आनंद व्हायचा. त्यांच्यात टिटवी नव्हती, एवढाच काय तो फरक.

टिटवी हे नाव तिनेच ठेवलेलं. कॉलेजात दोघी जोडीने गायच्या. टिटवीचा आवाज वर जाऊन चिरकायचा. ही खालच्या आवाजात तिला सांभाळून घ्यायची आणि गाणं संपलं की चुका काढायची. म्हणून टिटवीने हिला मास्तरीण करून टाकलं. खरी गाणारी मास्तरीणच, असं तेव्हा सगळे म्हणायचे. पण मास्तरणीला चारचौघांत चुकायची धास्ती, तिने गाणं सोडलं. टिटवी आपली चुकत चुकत गात राहिली. आणि आता तिचा अल्बम आला होता.

‘सगळ्यांच्या आधी तुला पाठवतेय,’ लिंकखाली टिटवीने लिहिलं होतं. ‘जे वाटेल ते खरं खरं लिही हं, मास्तरीण.’

मास्तरणीने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. चिरकेपणा पार गेला होता. आवाजाला असा काही मऊपणा आला होता, की ऐकणाऱ्याने हातातलं काम सोडून बसून राहावं. नुसतं चांगलं असतं तर तिने दिलखुलास लिहिलं असतं. हे फार चांगलं होतं मेलं! तिचा नुसता जळफळाट झाला. हिला कुणी शिकवलं? सूर म्हणजे काय ते हिला माझ्याकडून कळलं, आणि आज मी हिच्या गाण्यांवर चार ओळी खरडायच्या?

आतल्या खोलीत नवरा शर्टाला इस्त्री करता करता शिट्टी वाजवत होता. दोन ओळींची चाल, फिरून फिरून तीच.

“बंद कर रे ती शिट्टी! काम करतेय मी.”

“अगं, छान चाल आहे. तूच तर रोज म्हणतेस भांडी घासताना.”

“मी? काहीतरीच.”

“कानात ती बोंडं घालून बसतेस. तुला तुझं ऐकू येत नाही, म्हणून मलाही येत नाही की काय?”

तिने उठून दार लोटलं आणि परत लिहायला बसली. पाचव्या गाण्यावर तिने खास लक्ष दिलं. ‘या गाण्यात मध्येच जागा रिकामी सुटली आहे. संगीत संयोजनातला हा ढिसाळपणा अनुभवी गायिकेला शोभत नाही,’ असं ठणकावून लिहिलं. शेवट तर तिला स्वतःलाच फार आवडला: ‘एकदा ऐकून बाजूला ठेवण्यासारखा अल्बम. पुन्हा लावावंसं वाटेल असं यात एकही गाणं नाही.’

संपादक खूश झाले.

“मॅडम, तुम्ही म्हणजे कुणाची भीडभाड ठेवत नाही बुवा! एक शब्द बदलत नाही.”

रविवारी लेख छापून आला. सोमवारी टिटवीचा फोन आला तेव्हा मास्तरीण स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. ‘मैत्री मैत्रीच्या जागी, काम कामाच्या जागी’ हे वाक्य तिने तयारच ठेवलं होतं.

“वाचलं गं,” टिटवी म्हणाली. “वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खरं लिही म्हणून मीच सांगितलं होतं.”

“हो ना. मैत्री मैत्रीच्या—”

“एकच विचारू? मी प्रत्येकाला वेगळी लिंक पाठवली होती. कोण काय ऐकतं ते मला इथे दिसतं.”

मास्तरणीचा ओटा पुसणारा हात थांबला. ही गोष्ट तिला माहीत नव्हती असं थोडंच होतं? नवख्या गायकांना तीच तर सांगायची, समीक्षक खरंच ऐकतात की नुसतंच लिहितात, ते बघत जा म्हणून. नेमकं टिटवीच्या वेळी तिच्या डोक्यातून ते साफ गेलं होतं.

“तुझ्या लिंकवर रोज सकाळी पाचवं गाणं वाजतं,” टिटवी म्हणाली. “एकदा नाही, परत परत. आज सकाळीसुद्धा वाजलं. मी आईला सांगूनही बसले होते, मास्तरणीला आवडलं म्हणून.”

मास्तरणीने हातातलं फडकं उगीचच पिळलं. मग टिटवीनेच हलकेच विचारलं, “घरात दुसरं कुणी ऐकतं का?”

“हो,” मास्तरीण घाईघाईने म्हणाली. “हा ऐकतो ना. त्याला भारी आवडतं ते गाणं.”

“अस्सं. मग भावजींना सांग, ती लिंक मी बंद करत नाही. ऐकू देत त्यांना हवं तितकं.”

फोन ठेवून ती वळली, तर नवरा दारात उभा. कामावर जायला निघालेला, खांद्याला पिशवी.

“मला भारी आवडतं का?” तो म्हणाला. “मग एकदा ऐकव तरी.”

“उशीर होईल तुला.”

“होऊ दे.”

तिने फोन ओट्यावर ठेवला. पाचव्या गाण्यावर अंगठा नेला. लावलं की टिटवीला तिकडे लगेच दिसणार होतं. अंगठा तसाच राहिला क्षणभर, मग तिने गाणं लावून टाकलं.

टिटवीचा आवाज घरभर झाला. नवरा पिशवी खाली ठेवून ऐकत राहिला. एक कडवं झालं, आणि टिटवी गायची थांबली. मागे फक्त गिटार वाजत राहिली, हळू, कुणासाठी तरी जागा धरून ठेवल्यासारखी. नवऱ्याने शिट्टी वाजवायला ओठ जुळवले. दोन ओळींएवढा वेळ तसाच गेला आणि टिटवी पुढचं कडवं गायला लागली.

“अगं, त्या ओळी कुठे गेल्या?” तो म्हणाला. “तू रोज खालच्या आवाजात म्हणतेस त्या?”

मास्तरीण पुसलेला ओटाच पुन्हा पुसत राहिली.

“नाहीत त्या त्यात,” ती म्हणाली. मग गाणं संपल्यावर त्याच्याकडे न बघताच तिने विचारलं, “पुन्हा लावू?”