माझी अकरा मिनिटं

मित्रांनो, घाईत असाल तर माझ्यापाशी थांबू नका. मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला नुसतं सुरू व्हायलाच अकरा मिनिटं लागतात. हा आकडा मी काढलेला नाही. घड्याळं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेल्या एका माणसाने तो मनगटावरच्या घड्याळात पाहून काढला आहे, त्यामुळे त्यात सेकंदाचीही चूक नाही.

मी जन्मापासून असा नव्हतो. एका लांबलचक टेबलावर हातमोजे घातलेल्या कितीतरी हातांनी मला जोडलं. शेवटचा स्क्रू बसवणाऱ्या बाईने माझं झाकण तीनदा उघडून मिटून पाहिलं आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. दुसरी मिळाली दहा वर्षांपूर्वी. माझी मालकीण, ताई, घरांचे नकाशे काढते. पहिल्या नोकरीला लागल्यावर तिने मला विकत घेतलं आणि थेट तिच्या बाबांच्या दुकानात नेलं. बाबा म्हणजेच ते घड्याळवाले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून माझी बिजागरी निरखली आणि म्हणाले, "काम सफाईदार आहे." त्या दिवशी मी मनातल्या मनात टम्म फुगलो होतो.

तेव्हा मला दम म्हणून लागायचा नाही. ताईने बोट उचलायच्या आत मी जिना उभा करायचो, भिंत सरकवायचो, खिडकी इकडची तिकडे करायचो. किती स्वयंपाकघरं मी पोटात ठेवली असतील! काठी टेकत चालणाऱ्या एका आजोबांसाठी तिने एकही उंबरा नसलेलं घर काढलं होतं, ते माझं सगळ्यात लाडकं. "हा आहे म्हणून माझं चाललंय," असं ताई मैत्रिणींना सांगायची.

पुढे नकाशांचे प्रोग्रॅम दरवर्षी जाडजूड होत गेले आणि मी होतो तेवढाच राहिलो. पंखा घरघरू लागला. बॅटरीने मान टाकली, तेव्हापासून मी वायरीला बांधलेला. पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र आलं, की टेबलाखाली ताईचा पाय हलायला लागायचा. चक्र फिरतंय, पाय हलतोय, आत माझ्या जिवाची नुसती घालमेल. "अरे चल ना बाबा, चल!" असं ती म्हणायची, आणि जितकी ती घाई करायची तितका मी जास्त अडखळायचो. एकदा तिने वैतागून मला चापट मारली, तर एक कळ उडून कपाटाखाली गेली. मग तीच गुडघ्यावर बसून पट्टीने ती शोधत राहिली आणि शोधता शोधता रडली.

ते रडणं माझ्यामुळे नव्हतं, मित्रांनो. त्याच आठवड्यात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला होता. दुकान बंद करून ताईने त्यांना आपल्याकडे आणलं. जिभेवर परिणाम झाला नव्हता, पाय सुधारला, पण उजव्या हाताची मूठ वळली ती उघडेना. ज्या बोटांनी केसाएवढ्या स्प्रिंगा उचलल्या, त्या बोटांना शर्टाचं बटण लावता येईना. रोज सकाळी लेकीसमोर बटणं लावून घ्यायला उभं राहताना बाबा दुसरीकडे बघायचे.

व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी ताईला बजावलं, "रोज दहा मिनिटं एकेक बोट उघडायचं. हे पहिले महिने हातचे घालवू नका. हात आता आखडला तर पुढे फार जड जाईल."

ताईने मान हलवली खरी, पण दहा मिनिटं आणायची कुठून? सकाळी सातपासून फोन सुरू. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली, मी नेहमीप्रमाणे घरघर करत जागा व्हायला लागलो आणि तिने चिडून खुर्ची मागे ढकलली. शेजारी बाबा बसले होते. "हा गाडा हलेपर्यंत द्या तो हात इकडे," ती म्हणाली आणि त्यांची करंगळी उघडू लागली.

तेव्हापासून तो नेमच झाला. मी सुरू व्हायचो तेवढा वेळ बाबांचा हात ताईच्या हातात असायचा. आधी करंगळी, मग शेजारचं बोट, मग अंगठा. बाबा डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणायचे, "अकरा. आजही अकराच." महिन्याभराने ते कपडे वाळत घालायचा चिमटा दाबू लागले. बाई खूश झाल्या. बाबा म्हणाले, "वरचं बटण एकदा माझं मला लावता आलं, की झालं."

आणि नेमका तेव्हाच मी घात केला. तीन दिवस खपून काढलेला नकाशा ताई जतन करायला गेली, मी हँग झालो आणि नकाशा गेला. ताई ओरडली नाही. मला शांतपणे मिटून म्हणाली, "बस झालं आता."

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. मामा म्हणाले, सगळ्यात महाग तोच घे. मैत्रीण म्हणाली, हलका घे. मामेभावाने पाठवलेली यादी वाचून तर ताईचं डोकंच फिरलं. शेवटी तिने एका चिठ्ठीवर आपल्याला काय लागतं तेवढंच लिहिलं: मोठा पडदा, भरपूर मेमरी, पुढे वाढवता येईल अशी जागा. चकचकीत झाकण नको. चिठ्ठी, मी आणि बाबा, अशी आमची वरात दुकानात गेली.

दुकानदाराने मला पाहून हात जोडले. "ताई, याला आता सोडा हो." मग त्याने पाच-सहा लॅपटॉप मांडले. ताई चिठ्ठीशी ताडून पाहत होती. बाबा मात्र एकेकाचं बटण दाबून घड्याळाकडे बघत होते. शेवटी कोपऱ्यातल्या एका जुनाट, जाड्या लॅपटॉपपाशी ते बराच वेळ थांबले. तो काही केल्या उठेना.

"हा घे," बाबा म्हणाले.

दुकानदार हसला. ताईचे कान लाल झाले. "बाबा, तो सगळ्यात हळू आहे! तुम्हाला यातलं काही कळत नाही, जरा गप्प बसाल का?"

बाबांनी उजवा हात खिशात घातला. मला सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं. एखाद्या कचेरीतून परत आलेला, दुरुस्त करून वर्षाच्या हमीवर मिळणारा एक तगडा लॅपटॉप ताईने निवडला. खरं सांगतो, निवड चोख होती.

तो बारा सेकंदांत सुरू होतो. ताईचा पाय हलायचा थांबला. ती सकाळी बसली की लगेच कामाला लागायची. "बाबा, संध्याकाळी करू हं," असं म्हणायची, आणि संध्याकाळी फोन यायचा. मी कपाटाच्या खालच्या खणात, इस्त्रीशेजारी पडून सगळं ऐकत होतो. स्वतःच्या अडगळीत पडण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मला त्या मुठीची काळजी लागली होती.

तीन आठवड्यांनी व्यायामाच्या बाई आल्या. त्यांनी बाबांचा हात धरला आणि बाईंचा चेहरा उतरला. "परत आखडलाय. व्यायाम बंद केला का?"

ताई काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "मीच कंटाळा केला."

धादांत खोटं!

दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडला. बाबांनी डाव्या हाताने मला ओढून काढलं, छातीशी धरून टेबलावर ठेवलं, वायर लावली, बटण दाबलं. पंखा घरघरला. नव्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या ताईने मान वर केली. "तो कशाला काढलात?"

बाबांनी मनगटावरचं घड्याळ दातांनी सोडवून माझ्यापुढे ठेवलं आणि शेजारी आपली वळलेली मूठ ठेवली.

ताई घड्याळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुकानात तुम्ही म्हणून... तो हळू सुरू होणारा..."

"अकरा मिनिटं मिळत होती गं," बाबा म्हणाले. "या नव्याच्या बारा सेकंदांत एक बोटसुद्धा उघडत नाही."

ताईने नवा लॅपटॉप मिटला. फोन उलटा ठेवला. ती बाबांची करंगळी उघडायला लागली आणि मध्येच तिने ती मूठ आपल्या गालाशी धरली.

आता मला दुसरं काम नाही. मी सुरू झाल्यावर माझ्याकडे कुणी बघतही नाही. ताईने माझ्यातलं सगळं काढून घेतल्यामुळे मी इतका हलका झालो आहे, की मनात आणलं तर सहा मिनिटांत उठेन. पण मी मनात आणत नाही. जन्मभर लवकर उठायची धडपड केली, आता रेंगाळायची करतो.

मित्रांनो, नवा लॅपटॉप जरूर घ्या. आपल्याला काय लागतं ते आधी लिहून काढा आणि झेपेल तोच घ्या. फक्त एवढं करा: त्याने वाचवलेला वेळ कुणाचा होता, ते घरात एकदा विचारा.

काल सकाळी मी घरघरत होतो. बाबांनी ताईचा हात बाजूला केला आणि शर्टाचं वरचं बटण दोन बोटांत धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. ताईने श्वास रोखला होता, मी पंखा रोखून धरला. बटण लागलं, तेव्हा माझ्या पडद्यावर चक्र अजून फिरतच होतं.