चांगल्या बाजूचा नमुना

दादूशेट शिवलकरांच्या नजरेतून भाताचं ओलं पोतं सुटलं, असं रत्नागिरीच्या बाजारात कोणी सांगणार नाही. शेतकरी वर खडखडीत वाळलेलं भात भरी आणि ओलसर माल तळाशी सारी. नमुना काढायला सळई खुपसायची वेळ आली की गप्पा मारत मारत पोतं हळूच फिरवी. दादूशेट त्याला गप्पा मारू देत, पोतं परत फिरवत आणि पोकळ सळई नेमकी त्याला नको तिथे घालत. आतले दाणे तळहातावर घेऊन विचारत, "भात आणलंस की पेज रे?"

हाच माणूस आता डॉक्टर श्रुती नागवेकरांपुढे शर्ट वर करून बसला होता. यकृतात लिंबाएवढी गाठ निघाली होती, आणि ती साधी की कॅन्सरची, हे स्कॅनवरून नक्की होईना.

"सुई घालून तपासावं लागेल," श्रुती म्हणाली. "बारीक सुईने सुट्या पेशी ओढून घेता येतात. त्रास कमी. जाड सुईने धाग्यासारखा तुकडाच निघतो, त्यात पेशींची रचनाही दिसते. रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त, पण तुमच्या बाबतीत मी जाडच सुचवेन."

"बारीक," दादूशेट म्हणाले.

"काका, पण…"

"माल कुणाचा? माझा ना? मग बारीक."

बायको मालन शेजारीच होती. "लोकांच्या पोत्यात सळया खुपसताना नाय वाटलं काही!"

"पोतं ओरडत नाय गो."

तर बारीक सुई ठरली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत श्रुती "श्वास रोखा" म्हणे, दादूशेट मान डोलवत आणि सुई जवळ आली की हळूच श्वास सोडत. श्वासासरशी यकृत सरके, गाठ सरके. श्रुतीने दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा जे हाती लागलं ते काचपट्टीवर पसरून पाठवलं.

रिपोर्ट आला. यकृताच्याच पेशी, नेहमीसारख्या. दादूशेटनी दुकानातून परस्पर पेढे वाटले. शेजारच्या कापडवाल्याला तर बोलावून दिले, एरवी त्याला ते पाणीसुद्धा विचारत नसत.

श्रुतीला मात्र पेढा गोड लागला नाही. "एक तर सुई गाठीच्या बाजूला लागलीय. नाही तर गाठीतल्या पेशी चांगल्या पेशींसारख्याच दिसतायत. अशा सुट्या सुट्या बघून त्या ओळखता येत नाहीत. जाड सुई घ्यायला हवी."

"पास झालेल्या पोराला परत परीक्षेला बसवता?" दादूशेट तणतणत घरी आले.

दुपारी बांगड्याचं तिखलं बरं जमलं होतं, त्यामुळे त्यांची जीभ सैल झाली. "त्या पोरीला काय कळतंय! सुई आली की मी श्वास सोडायचो. गाठ सरकली. मारा म्हटलं सुई, लागेल ते घ्या."

मालनचा वाढायचा डाव वरच राहिला. "म्हणजे पोतं फिरवलंत?"

"अगो, तसं नाय…"

"चांगली बाजू पुढे केलीत. फसवलं कुणाला? डॉक्टरणीला? ती संध्याकाळी दिवा लावून आपल्या घरी बसेल. हा माल माझ्या घरात राहायचाय. मला खरा नमुना हवा."

दादूशेटनी काटा काढायच्या निमित्ताने खाली मान घातली ती घातलीच. एवढ्या वर्षांत विकणाऱ्याच्या जागेवर ते पहिल्यांदाच बसले होते, आणि ती जागा त्यांना चांगलीच टोचत होती.

पुढच्या आठवड्यात जाड सुई. दादूशेटनी श्वास असा धरला की चेहरा कोकमासारखा झाला. स्प्रिंगची सुई 'टक्' वाजली.

"सोडा श्वास. काका, सोडा! झालं."

"गाठीतच लागली ना? नक्की बघा. नाय तर आणखी एक घ्या." मग आवाज खाली गेला. "मागल्या वेळी मीच श्वास सोडत होतो."

"ते पडद्यावर दिसत होतं मला. वाटलं, घाबरलात."

"घाबरलोच होतो."

श्रुतीने आणखी एक तुकडा घेतला आणि त्यांना उजव्या कुशीवर निजवलं. तासन् तास ते गुमान पडून राहिले. मालनला त्याचंच जास्त भय वाटलं.

या वेळच्या रिपोर्टात आडपडदा नव्हता. "कॅन्सर आहे," श्रुती म्हणाली. "पण एकच गाठ, तीही कडेला. पसरलेली दिसत नाही. भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट ती कापून काढता येईल. कोल्हापूरच्या सर्जनशी बोललेय मी."

मालनने डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर कमरेला खोचला आणि बाहेर येऊन मुंबईच्या लेकीला फोन लावला.

"समीक्षा, बाबांचं ऑपरेशन ठरतंय. होय, तसलंच आहे. रडू नको गो, निघतं म्हणाली ती. बाबा? आतच आहेत. मघापर्यंत तोंडातून शब्द नव्हता. आता डॉक्टरणीशी वाद घालतायत, चांगला भाग कमी कापा म्हणून."