बझाँसोंहून आलेली कमान

मी हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यात, शालिग्रामजींच्या भिंतीवरचे एक जुने घड्याळ आहे. मित्रांनो, आता स्वतःला घड्याळ म्हणावे की नाही, तेच कळत नाही.

माझा जन्म फ्रान्समधल्या बझाँसों शहरातला. रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाने जाताना मला शालिग्रामजींच्या आजोबांना दिले. सकाळी चहाआधी मला चावी, मग बाकी कामे, असा या घराचा नेम. माझ्या ठोक्यांवर पोरे शाळेला पळत. अख्खा मोहल्ला माझी वेळ विचारी, आणि मीही जरा फुशारून जाई.

मग शालिग्रामजींच्या पत्नी पद्मिनीबाई गेल्या. सुतकात या घरात घड्याळाला चावी देत नाहीत, म्हणून मी थांबलो. तेरवी आटोपल्यावर शालिग्रामजींनी राहिलेल्या सगळ्या दिवसांची चावी एकदमच भरायला घेतली, आणि आतली कमान, म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी स्प्रिंग, तुटली.

"तुह्या आईमागं घरात हेच एक बोलत होतं," ते मुलीला, मंजिरीला म्हणाले. "मीच मुकं केलं."

मंजिरी ऑफिसच्या कामाने फ्रान्सला निघाली, तेव्हा कमानीचा तुकडा सोबत घेऊन गेली.

इकडे तिच्या भावाने, अभिनवने, बापावरच्या मायेपोटीच घात केला. माझे यंत्र उपसून कबाड्याला दिली आणि पोटात सेलचे मशीन बसवले. "बंद घडी अशुभ होती है, बाबा. अब चालू है," तो म्हणाला.

मंजिरी बझाँसोंहून परतली, ती बोलतच.

"बाबा, नदीनं गावाले पुरा वेढा घातला आहे. वर किल्ला. चर्चमधलं घड्याळ तर ग्रहण, समुद्राची भरती, सारं दाखवते. पण घड्याळाच्या जुन्या कारखान्यात आता लोक राहून राहिले. सेलच्या घड्याळांनी धंदा बुडवला म्हणतात. एका म्हातारीनं तुकडा पाहून जोडीची कमान शोधून दिली."

माझ्या जन्मगावची हकिकत मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ती संपूच नये, असे वाटत होते. मग तिने माझे दार उघडले. आत सेलचे मशीन होते; हातातली कमान बसवायला जागाच नव्हती.

"काहून सांगितलं नाही, बाबा?"

"तू एवढ्या दूर शोधत होती, बेटा. कसं सांगू?"

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू बंद पडली तर ती उघडण्याआधी, तिच्यात ज्याचा जीव आहे त्याला एकदा विचारा. माझी वेळ आता अगदी बरोबर असते, पण ठोके पडत नाहीत. शालिग्रामजी मात्र अजून रोज चहाआधी चावी घेऊन येतात आणि माझ्या रिकाम्या भोकात हळूहळू फिरवतात, पुन्हा काही तुटू नये म्हणून.