शेऱ्याचा रकाना

माझ्या टेबलावर कुणी कागद आपटला की माझं डोकं फिरतं. प्रेमदासदादांनी आपटला तेव्हाही फिरलंच. मग तो कागद वाचला आणि राग तिथंच विझला.

कागद आमच्याच अभिलेख केंद्राचा होता, खाली सही माझी. वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या शाळांच्या दाखल-खारीज नोंदवह्या आम्ही स्कॅन करतो, त्यातली एकेक ओळ संगणकात उतरवतो आणि कुणी मागितला तर तिचा उतारा छापून देतो. मागणारे बहुतेक जातपडताळणीवाले. आजोबांची १९५०च्या आधीची शाळेतली नोंद हाती आली की लोकांचा अर्धा घोर जातो. हा उतारा दादांच्या वडिलांचा होता. सोमा वल्द उरकुडा, रोहण्याकडच्या एका खेड्यातली शाळा, सन १९३९, इयत्ता पहिली. नाव बरोबर, गाव बरोबर. जातीच्या रकान्यात छापलं होतं, बौद्ध.

"पडताळणीवाल्या मॅडम म्हन्ते, एकोनचाळीस साली बौद्ध कुठून आला?" दादा म्हणाले. "आपन धम्म घेतला छप्पन साली. कागद बनावट हाय म्हन्ते. तीन वाजेपर्यंत खऱ्या पानाची प्रत आना, सगळ्या रकान्यांसकट. अन् हा फरक काऊन पडला ते केंद्राकडून लिहून आना. नाई त केस करीन म्हन्ते माह्यावर."

बाहेर बाकावर त्यांची मुलगी काजल फाईल छातीशी धरून बसली होती. तिचा मेडिकलला नंबर लागला होता आणि प्रमाणपत्र जमा करायचा आज शेवटचा दिवस होता. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

"काऊन पडला फरक, बाई?" दादांनी पुन्हा विचारलं.

मला माहीत होतं. तो मीच पाडला होता.

दोन वर्षांपूर्वी ती नोंदवही मी उतरवली. गुरुजींचं अक्षर इतकं सुरेख की वाचताना जास्तच संताप यायचा. सव्वीस पोरांपुढे 'महार' लिहिलेलं आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात जे लिहिलेलं होतं ते वाचून मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. माझे आजोबा दीक्षा घेऊन घरी परतले त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. तोच मी पगार घेऊन सव्वीस वेळा टाइप केला होता. एका दुपारी मी 'शोधा आणि बदला'चं बटण दाबलं. सव्वीस जागी बौद्ध आलं. त्या पोरांचे शेरेही पुसून टाकले. वाटलं, एवढा तरी न्याय करावा.

आमच्या कामाचा पहिला नियम असा की पानावर आहे तसं उतरवायचं. आपलं मत, आपली दुरुस्ती, आपली दया, जे काही असेल ते वेगळ्या रकान्यात, स्वतःच्या नावासकट. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते, आणि चुकल्या तर चांगली झाडते. लाज वाटली मला.

मी भैय्याजींच्या खोलीत गेले. भैय्याजी म्हणजे आमचे केंद्रप्रमुख, मनाने चांगले, पण भानगड दिसली की आधी दार लावून घेणारे. त्यांनी दार लावलंच.

"संगनकाची चूक झाली म्हनून लिहून दे," ते म्हणाले. "महिनाअखेर तुह्यं कंत्राट पुढं न्यायचं हाय. कायले नाव अडकवतं?"

"संगणक चुकतो म्हटलं तर आपला कुठला उतारा खरा, भैय्याजी? दीडशे लोकांनी नेले आहेत. उद्या त्या सगळ्यांना कचेरीतून परत पाठवतील."

भैय्याजींनाही ठाऊक होतं की संगणकात कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदललं याची नोंद आपोआप होते. तिथं माझं नाव सव्वीस वेळा होतं.

"आधी पान त काढ," ते शेवटी म्हणाले.

पान काढणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. मूळ वही शाळेला परत गेली होती आणि गळक्या छताखालच्या कपाटात तिचा लगदा झाला होता. उरलं होतं ते फक्त स्कॅन. संगणकात मी उतरवलेल्या ओळीपुढे पान एकतीस लिहिलेलं होतं. एकतीस उघडलं तर भलतीच पोरं. बत्तीस उघडलं, तिथंही नाही. स्कॅन करणाऱ्यानं मधली कोरी पानं मोजली होती आणि मी उतरवताना ती सोडली होती. दादा खुर्चीच्या मागे उभे राहून माझ्या मानेवर श्वास सोडत होते. बसा म्हटलं तर बसेनात. एक वीस झाले. तेहतीस, चौतीस, पस्तीस. छत्तिसाव्या चित्रात, खालून तिसऱ्या ओळीत सोमा वल्द उरकुडा सापडला आणि मला रडूच आलं.

रडायला वेळ नव्हता. पान छापायला लावलं आणि निवेदन लिहिलं. 'वरील नोंदीतील जातीचा रकाना मी स्वतः, जाणूनबुजून बदलला व शेरा वगळला. अर्जदाराचा यात काहीही संबंध नाही. मूळ पानाची प्रत सोबत जोडली आहे.' खाली पूर्ण नाव लिहिलं. भैय्याजींनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि शिक्का मारला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

दादा छापलेल्या पानावरून बोट फिरवत होते. नाव. बापाचं नाव. जन्मतारीख. जात. "हे बरोबर हाय," ते म्हणाले. बोट पुढे सरकलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबलं.

'व्हरांड्यात बसतो. पाटी लांबून तपासावी.'

त्यांनी ते ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं.

"बाप सांगे," ते हळूच म्हणाले, "का मास्तर त्याले पहिल्या बाकावर बसवे. मास्तराचा लाडका होतो म्हने. मी शाळा बुडवली का हेच सांगे मले. मी काजललेही तेच सांगत आलो."

मी निवेदन त्यांच्यापुढे सरकवलं.

"बाई, एवढं मिटवून देता का?" त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "जात राहू द्या, बाकी समदं राहू द्या. फक्त हे. पोरगी वाचीन ना."

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मिटवायला मला एक मिनिट लागलं नसतं. आणि मनातून सांगते, माझा हात माऊसकडे गेलाही होता.

"नाई, दादा," मी म्हटलं. "मी एकडाव मिटवलं, म्हनून तुमच्यावर आज हे आलं."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. तेवढ्यात काजल आत आली. "बाबा, कागद द्या, फाईलीत लावतो." ते देईनात. तिनं खिशातून काढून घेतला, उघडला आणि उभ्यानंच शेवटच्या रकान्यापर्यंत वाचला. तोंडावरचं काही हललं नाही तिच्या. "चला," एवढंच म्हणाली. दोघं ऑटोत बसून गेले.

त्यानंतरचे अडीच तास मी काय केलं ते विचारू नका. पावणेपाचला फोन वाजला.

"झालं, बाई," दादांचा आवाज बसला होता. "प्रमानपत्र भेटलं. कॉलेजात जमाबी झालं."

मी टेबलावर डोकं टेकवलं.

"पोरीले मी म्हटलं, आजानं आपल्याले खोटं सांगितलं. त पोरगी म्हने, असू द्या. सरकारले हे पान दाखवू, अन् घरी पहिला बाकच सांगू."

फोन ठेवला तेव्हा ऑफिस रिकामं झालं होतं. सोमाची ओळ मी पानावर होती तशी करून ठेवली होती. उरलेल्या पंचवीस पोरांना माझ्या हातानं परत व्हरांड्यात बसवायचं होतं. मी दुसरी ओळ उघडली.