तिसरी खुर्ची

नृसिंह धर्माधिकारी सरांच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर कोल्हारातल्या एकाही डॉक्टरकडे औषध नव्हतं. दुखण्याचं नाव रुपाली खर्डे असं होतं.

कोल्हारचं एक वाचनालय दर हिवाळ्यात प्रकट मुलाखत ठेवतं. मंचावर तीन खुर्च्या. एकीवर शास्त्रज्ञ, दुसरीवर कलावंत, आणि मधल्या तिसरीवर दोघांना बोलतं करणारा माणूस. ही कल्पना सरांचीच. शास्त्रज्ञ आपल्या वाटेने जातात, गाणारे-चित्रं काढणारे आपल्या, मग दोघांची गाठ पडायची कुठे, तर कोल्हारात, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठणकावून सांगितलं होतं. लोक तेव्हा हसले. मग ताऱ्यांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ आणि एक कीर्तनकार समोरासमोर बसले, आणि उसाच्या फडातून थेट आलेली माणसंसुद्धा जागची हलली नाहीत. तेव्हापासून राहुरी-लोणीकडूनही लोक येऊ लागले. मधल्या खुर्चीवर अर्थात सर. पदार्थविज्ञान शिकवून सर शाळेतून निवृत्त झाले, खुर्चीवरून मात्र होईनात.

आता खरं बोलायचं तर सरांचा प्रश्न एकदा सुरू झाला की संपायचा नाही. आधी पार्श्वभूमी, मग पार्श्वभूमीची पार्श्वभूमी, मग स्वतःचा एखादा अनुभव, आणि शेवटी पाहुण्याला "हो" एवढंच म्हणायला जागा उरायची. गेल्या वर्षी तर पुढच्या रांगेतले दोघे-तिघे उघड घोरत होते. सरांना हे कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे सांगत नाहीत, परस्पर माणूस बदलतात.

तो निरोप घेऊन वाचनालयाचा अध्यक्ष सुनील आला. उसाचा बागायतदार, मनाने सरळ, पोटातलं लपवता येत नाही असा.

"सर, तुमी लई वर्सं हे वझं उचललं," तो चहाची बशी हातात धरून म्हणाला. "औंदा जरा निवांत बसा. मुलाखत रुपाली घेईल. तुमी फकस्त पाव्हन्यांना नगरावरनं गाडीत घेऊन या. ते काम तुमच्याबिगर कुनाला जमनार न्हाई."

म्हणजे घोड्यावरून उतरवलं आणि लगाम धरायला ठेवलं. सर म्हणाले, "वा, वा, फार चांगलं झालं." सुनील गेल्यावर त्यांनी उरलेला चहा मोरीत ओतला.

रुपाली सरांचीच विद्यार्थिनी. आता ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवायची. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्यांचे छोटे व्हिडिओ मोबाईलवर टाकायची आणि ते लोक आवडीने बघायचे. "माझ्याच हाताखालची हो ती," सर भेटेल त्याला सांगत. "पदार्थविज्ञानात पस्तिसाला टेकली होती. पण बोलते छान. छान बोलते." दुसऱ्यांदा तेच म्हणताना त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं.

तीच रुपाली पेढे घेऊन आली, पाया पडली आणि म्हणाली, "सर, मला लई धडधडतंय. तुमचा एखादा गुरुमंत्र द्या."

सरांकडे गुरुमंत्र होता आणि तो खराही होता. "पाहुण्याला आधी बोलू द्यायचं नाही," ते म्हणाले. "मंचावर येईपर्यंत विषयाचा शब्द काढायचा नाही. शिळी भाकरी चालते, शिळं बोलणं चालत नाही. म्हणून मी दोन्ही पाहुण्यांना वेगवेगळ्या ठिकाणी उतरवतो आणि येताना गाडीत भजनं लावून ठेवतो."

"मग काळजीच नाही," रुपाली हसली. "पाहुणे तुमच्याच ताब्यात आहेत."

ती गेली आणि सर पेढ्यांच्या खोक्याकडे बघत बसले. पाहुणे आपल्याच ताब्यात आहेत, हे त्यांच्या आत्तापर्यंत लक्षातच आलं नव्हतं. मनात आलेला विचार त्यांनी दोनदा झटकला. तिसऱ्यांदा झटकायचा कंटाळा केला.

कार्यक्रमाच्या दुपारी सरांनी नगरला दोघींना गाडीत घेतलं. डॉ. अपूर्वा पुण्याच्या, कान कसा ऐकतो याचा अभ्यास करणाऱ्या. सुचित्राताई ख्याल गाणाऱ्या. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या. गाडी सुनीलची आणि चालवणारा कल्याण. सवयीने त्याने भजनं लावली.

"बंद कर," सर म्हणाले.

"आज भजन न्हाई व्हय, सर?"

"नाही."

कल्याणने आरशातून एकदा बघितलं आणि बंद केलं. सर पुढच्या सीटवर मागे वळून बसले. "सुचित्राताई, तानपुरा लावताना तुम्ही नेमकं काय ऐकता?"

एवढाच प्रश्न. पार्श्वभूमी नाही, अनुभव नाही. टाळ्या वाजवायला गाडीत कुणी नव्हतं, मग कुणासाठी लांबवायचा?

"खर्जाची तार नीट लागली ना," सुचित्राताई म्हणाल्या, "की तिच्यातून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. माझे गुरुजी म्हणायचे, तो आला की घरात कुणीतरी माणूस आल्यासारखं वाटतं."

"तो तारेतच असतो, मोजतासुद्धा येतो," अपूर्वा पुढे सरकून म्हणाल्या. "पण गंमत सांगू? आपला कानही स्वतः आवाज काढतो. अगदी बारीक. आत छोटा माईक ठेवला तर टिपता येतो."

"कान गातो?"

"गातो म्हणा की!"

सुचित्राताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली होती आणि कल्याण खड्डे चुकवत होता. राहुरी मागे पडल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी जे ऐकत होते, त्यात थोडी मीही होते तर." अपूर्वांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, की प्रयोगशाळेत इतक्या लोकांचे कान तपासले, पण हे असं कुणी म्हणालं नव्हतं.

सर सीटवर आणखी मागे वळले. ज्यासाठी त्यांनी हा सगळा खटाटोप उभा केला होता, ते आत्ता घडत होतं, तेही खड्ड्यांच्या रस्त्यावर, मोटारीत. ते एकामागून एक विचारत गेले, दोघी बोलत गेल्या, आणि काही वेळ सर रुपालीला अगदी विसरून गेले. मग प्रवरेचा पूल ओलांडला. वेशीवरच फ्लेक्स दिसला. डावीकडे अपूर्वा, उजवीकडे सुचित्राताई, आणि मध्ये हसणारी रुपाली.

घे म्हणावं आता मुलाखत, असं सर मनात म्हणाले आणि गाडीतून उतरले.

मंडप गच्च भरला होता. सर पहिल्या रांगेत बसले. रुपालीने पाहुण्यांची ओळख थोडक्यात करून दिली आणि विचारलं, "सुचित्राताई, तानपुरा लावताना तुम्ही काय ऐकता?"

सुचित्राताईंनी अपूर्वांकडे बघितलं आणि दोघी हसल्या. "हे मघाशीच गाडीत सरांशी बोलणं झालं," त्या म्हणाल्या. "तर, खर्जातून गंधार ऐकू येतो." आणि थांबल्या.

"आणि मी गाडीत म्हटलं तसं," अपूर्वा म्हणाल्या, "कानही आवाज काढतो."

लोकांना कळेना आश्चर्य कधी वाटून घ्यायचं. रुपालीने दुसरा प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर गाडीत होऊन गेलेलं. तिसऱ्याचंही तेच. दोघी बिचाऱ्या भल्या होत्या, मुद्दाम काही करत नव्हत्या. पण एकदा मनापासून बोललेलं पुन्हा तितक्याच मनापासून कसं बोलणार? मागे खुर्च्या सरकू लागल्या, कुणी मोबाईल काढला. रुपाली हातातला प्रश्नांचा कागद उलटसुलट करून बघत होती. सरांचं पोट मात्र एकदम हलकं झालं होतं. चेहरा त्यांनी काळजीचा ठेवला होता.

आणि मग रुपाली उठली. सरांना वाटलं, आता रडते. ती रडली नाही, माईक घेऊन म्हणाली, "मंडळी, खरी मुलाखत गाडीतच झालेली दिसते. झाली तर झाली. माझ्यापाशी पाहुणे खुलले नाहीत, सरांपाशी खुलले. यात आश्चर्य काय, सर आमचे गुरू आहेत. ती मुलाखत आपल्याला ऐकायची असेल, तर या खुर्चीवर त्यांनाच बसवायला पाहिजे."

टाळ्या कडाडल्या. सुनील तर उभा राहून वाजवत होता. रुपाली पायऱ्या उतरली, सरांचा हात धरून त्यांना वर घेऊन गेली, आणि स्वतः खाली येऊन त्यांच्या जागेवर बसली. तिच्या मनात संशयाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सर मधल्या खुर्चीवर टेकले. ऊब अजून होती. समोर सगळं गाव. हेच हवं होतं. त्यांनी घसा खाकरला, माईक तोंडाशी नेला आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. विचारायला काहीच उरलं नव्हतं. जे जे विचारण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी नगर ते कोल्हारच्या रस्त्यात विचारून संपवलं होतं.

"सुचित्राताई," ते म्हणाले, "ते... तुमचे गुरुजी काय म्हणायचे?"

"तेच सर, घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं."

"हं. आणि डॉक्टर, कान..."

"गातो," अपूर्वा म्हणाल्या.

लोक हसले. सरही हसले. उत्तर माहीत असलेले प्रश्न त्यांनी जन्मभर वर्गात विचारले होते, पण इथे ती तोंडी परीक्षा वाटत होती आणि नापास विचारणाराच होत होता. बाहेरची रसवंतीची घुंगरं मंडपात ऐकू येऊ लागली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून हात वर झाला. वर्गात असल्यासारखा, रुपालीचा.

"सर, मी एक विचारू?"

सरांनी मान हलवली. दुसरं काय करणार?

"माझी आत्या आहे, बायडाबाई," रुपाली म्हणाली आणि मागे खसखस पिकली, कारण बायडाबाई सगळ्या गावाला ठाऊक होती. "ती आता ठार बहिरी आहे. मागे पातेलं पडलं तरी मान वळत नाही. पण सकाळी अंगण झाडताना अजून गवळण म्हणते. मी मोबाईलवर तानपुरा लावून बघितला, सूर जागचा हलत नाही. तिला ऐकूच येत नाही, मग ती सूर कशावर धरते?"

 मग अपूर्वा म्हणाल्या, "मला माहीत नाही," पण असं म्हणाल्या, जणू काहीतरी सापडलं होतं. सुचित्राताईंनी दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे मिटले आणि षड्ज लावला. अपूर्वा खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी चक्क सुचित्राताईंच्या पाठीवर तळवा ठेवला.

"इथे थरथरतंय. हाडातून जातंय ते."

"ते मलाही जाणवतं हो. पण थरथर म्हणजे सूर नव्हे. हाच सूर, हे तिला कोण सांगतं?"

"घशाला आठवत असेल?"

"घशाला? नाही, नाही. आपण गातो तेव्हा आधी आत ऐकतो आणि मग गातो. आधी!"

"मग ते आत ऐकणारं कोण, तेच मला शोधायचंय!"

सर मध्ये बसले होते. दोघींना एकमेकींचा चेहरा दिसावा म्हणून ते खुर्चीत मागे सरकले. माईक डावीकडे द्यायचा, उजवीकडे द्यायचा, एवढंच त्यांचं काम राहिलं. मागे खुर्च्यांचा आवाज थांबला होता. कार्यक्रम संपला तेव्हा टाळ्या थांबेनात.

सरांभोवती गर्दी झाली. "सर, तुमी बसले आन् रंग चढला बघा," सुनील सगळ्यांदेखत म्हणाला. "आमचंच चुकलं. फुडच्या साली खुर्ची तुमचीच." कुणी खांद्यावर शाल टाकली, कुणी फोटो काढला. रुपाली गर्दीतून वाट काढत आली आणि पाया पडली. "सर, तुम्ही नसता तर माझी फजितीच झाली असती."

"होतं असं, नवख्या माणसाचं," सर म्हणाले. ते ऐकायला ती थांबलीच नाही, कारण पाहुण्या तिला हाका मारत होत्या. बायडाबाईंची वस्ती किती लांब, आत्ता जाता येईल का, असं दोघींचं एकदमच चाललं होतं. नारळ टेबलावरच विसरून त्या गाडीकडे निघाल्या. कल्याणने दार उघडलं. तिघी मागच्याच सीटवर दाटीवाटीने बसल्या, कारण बोलणं अर्धवट राहिलं होतं. पुढची सीट रिकामी होती. सर येता का, असं विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

गाडी वस्तीकडे वळली. "मग ठरलं ना सर, फुडच्या साली?" सुनील विचारत होता. सर "हो, हो" म्हणाले. त्यांना सगळं मिळालं होतं, खुर्ची, शाल, टाळ्या, पुढचं वर्षसुद्धा. आणि त्या गर्दीत उभ्या उभ्या, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना एका ठार बहिऱ्या म्हातारीचा हेवा वाटत होता.