पट्ट्याला पाडलेलं नवं भोक

सणाला दोन दिवस उरले असताना नगराध्यक्षांनी आपला पट्टा चर्चमध्ये परत पाठवला. त्याला एक नवं भोक पाडलेलं होतं.

आमच्या ओबरह्युटिंगात ख्रिस्तशरीराच्या सणाच्या मिरवणुकीत फादरांवर रेशमी छत्र धरतात. दांडे जड, म्हणून चारही माणसांच्या कमरेला चामड्याचा पट्टा असतो, पट्ट्याला पुढे वाटी, तीत दांडा टेकवायचा. पुढचा उजवा दांडा पिढ्यान्‌पिढ्या नगराध्यक्षाचा. पण सत्तेवर आलेल्या पक्षाला चर्च खुपत होतं; छत्तीस साली जिल्ह्याहून पत्र आलं: ज्या सरकारी माणसाने छत्राला हात लावला, त्याने दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडावी. पक्षाचा गावप्रमुख डेटमान मास्तर याने ते खानावळीत मोठ्याने वाचून दाखवलं. खुर्ची सुटली की ती त्यालाच मिळणार होती.

तेव्हापासून गावात एकच प्रश्न: कॉर्बिनियन लेखटालर दांडा धरणार की नाही?

मी क्विरिन, चर्चचा सेवेकरी. घंटा आणि मेणबत्त्या माझ्याकडे, आणि गावची बातमीही. कॉर्बिनियन धंद्याने खोगीर शिवणारा, पोट असं की पट्टा टोकाच्या भोकावर लागायचा. हे नवं भोक सगळ्या जुन्या भोकांच्याही वीतभर आत. एवढा रोडका कोण? मला चैन पडेना. पट्टा घेऊन गावात फिरलो. कबरी खणणाऱ्या लोरेंट्सच्या कमरेला तो लावून पाहिला.

"अरे, माणसं मापायचं काम माझं," तो म्हणाला.

शेवटी पाव घ्यायला सेबाल्डकडे गेलो. इतका किडकिडीत पाववाला जिल्ह्यात नसेल. "स्वतःचा पाव स्वतः खात नाही, त्यालाच ठाऊक का," असं लोक म्हणत. त्याच्याभोवती पट्टा गुंडाळला आणि तो नव्या भोकावर चपखल बसला. सेबाल्डने फक्त मुलीकडे बघितलं. चौदा वर्षांची नोटबुर्गा, जन्मापासून बहिरी, फळी पुसत होती.

मी तडक कॉर्बिनियनच्या कारखान्यात गेलो.

"काय रे, सणाच्या दिवशी पोट दुखणार वाटतं तुझं?"

"पोट आहे तर दुखेल."

"लोक भित्रा म्हणतील."

"म्हणतायत की. काल डेटमानने शाबासकी म्हणून पाठीवर थाप मारली. ती जास्त लागली."

"मग धर ना दांडा, गड्या."

त्याने आरी खाली ठेवली. त्याच्या कोटावर पक्षाचा बिल्ला होता. तेहतीस साली तो त्याने आपल्या हाताने लावला होता, हे आम्ही दोघंही जाणून होतो.

"क्विरिन, आरोग्य कचेरीचा एक कागद आलाय. जन्मापासून बहिरं कोण, ते कळवा. अशा पोरींना दवाखान्यात नेऊन कापतात. पुढे मूल होत नाही. मार्चपासून तो कागद मला सापडत नाहीये. शुक्रवारी माझ्या खुर्चीत डेटमान बसला, तर तासाभरात सापडेल."

"सेबाल्डला माहीत आहे?"

"आहे. त्यालाच सांगितलं, दांड्याची माझी जागा रिकामी ठेवू नकोस."

"आणि किती दिवस सापडणार नाही?"

"ते मलाही कळलं तर बरं." मग तो म्हणाला, "तू तोंड बंद ठेवशील?"

आयुष्यात माझ्याकडे हे कोणी मागितलं नव्हतं.

गुरुवारी सेबाल्डने दांडा धरला. तो बुटका, त्यामुळे छत्र पुढून उजवीकडे कललं आणि लोक हसले. मिरवणूक नगराध्यक्षांच्या घरासमोर सणापुरत्या मांडलेल्या वेदीपाशी थांबली. घराच्या खिडक्यांच्या झडपा बंद. कोणीतरी पायरीवर थुंकलं. फादर ग्रोमर आपलं प्रवचन गाऊन करतात, त्यांच्या सुरावर माझा जीव. त्या दिवशी त्यांनी प्रभूचा शिष्य पेत्र गायला: त्याने प्रभूला तीनदा नाकारलं, आणि कोंबडा आरवल्यावर तो रडला. सगळ्यांच्या माना झडपांकडे वळल्या. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी ओठ चावला.

मिरवणूक पुन्हा निघाली. मी छत्रापुढे हातघंटा घेऊन होतो, माझ्यापुढे घंटेच्या ठोक्यावर पाऊल टाकत पाकळ्या उधळणाऱ्या पोरी. त्यांतल्या नोटबुर्गाला घंटा कुठली ऐकू येणार? तिचं पाऊल दर वेळी अर्ध्या ठोक्याने मागे पडायचं. डेटमान कडेला उभा राहून पोरींवरून नजर फिरवत होता. तिचं बहिरेपण आज त्याच्या डोळ्यांत भरायला नको होतं.

मी घंटा जरा संथ केली आणि तिच्या पावलांवर वाजवायला लागलो. हळूहळू अख्खी मिरवणूक तिच्या चालीने चालू लागली.